हवा वाढवली, पण तेलाला कळवलं का?

भाचा टेक्सासात असतो. गेल्या महिन्यात त्याने ताईला फोनवर सांगितलं, "आई, ट्रकला सुपरचार्जर बसवतोय." ताई चिंचवडला. वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्लाचा सुपरचार्जर सुरू झाल्याची २०२५ मधली बातमी तिच्या लक्षात होती. पोराने एकदाची बॅटरीवरची गाडी घेतली असं समजून ती खूश झाली. मग रात्री भाच्याचा मला मेसेज: "मामा, आईला तूच समजाव."

टेस्लाचा सुपरचार्जर म्हणजे वीज भरायचा खांब. भाच्याचा सुपरचार्जर म्हणजे इंजिनावर बसणारा, इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा हवेचा पंप. या दोघांचं नातं फक्त नावापुरतं. त्याचा 'ट्रक'ही आपल्या हायवेवरचा दहा चाकी नव्हे. फोर्ड एफ-१५०: पुढे मोटारीसारखी केबिन, मागे उघडा हौदा, पाच लिटरचं व्ही-८ इंजिन आणि दहा गिअरांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. हा गिअरबॉक्स लक्षात ठेवा, कारण खरी गंमत तिथे आहे.

आधी हवेचं गणित उरकून घेऊ. पाच लिटरचं चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत पाच लिटर हवा ओढतं. मिनिटाला ६००० फेरे धरले तर सेकंदाला २५० लिटर, म्हणजे साधारण ३०० ग्रॅम हवा. पेट्रोलचा एक ग्रॅम पुरता जळायला १४.७ ग्रॅम हवा लागते, तेव्हा पेट्रोल झालं सेकंदाला वीस ग्रॅम. त्यातून जवळपास ८८० किलोवॅट उष्णता निघते आणि तिचा तिसरा हिस्सा चाकांकडे जातो. उत्तर येतं ३९० अश्वशक्ती. फोर्डने २०२१च्या मॉडेलसाठी ४०० सांगितली आहे. पाकिटाच्या पाठीवर केलेल्या हिशोबाला एवढं पुरे!

म्हणजे पेट्रोल कितीही ओता, मर्यादा हवेची आहे. ती जबरदस्तीने कोंबायची युक्ती जुनी आहे. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या रूट्स बंधूंनी १८६० मध्ये एकमेकांत फिरणाऱ्या दोन पाळ्यांच्या, म्हणजे कानाच्या पाळीसारख्या फुगीर फिरक्यांच्या, पंपाचं पेटंट घेतलं. तेव्हा मोटारी नव्हत्या, तो भट्ट्यांना वारा घालायला वापरला गेला. आजच्या अनेक सुपरचार्जरांत त्याच पाळ्या आहेत, फक्त पीळ दिलेल्या.

पण हवा दाबली की तापते. सायकलच्या पंपाचं टोक हाताला लागलेलं आठवत असेलच. बाहेरच्यापेक्षा ५५ टक्के जास्त दाब दिला तर ३५ अंशांची हवा शंभरीजवळ जाते आणि फुगते. त्यामुळे वजनाने ती ३० टक्केच वाढते. मध्ये इंटरकूलर घालून ५५ अंशांपर्यंत गार केली तर ४५ टक्के. या पंपाला फिरवायला चाळीसएक अश्वशक्ती लागते, तीही इंजिनाच्याच खिशातून.

इथे जरा थांबून ऑनलाइन बाजारात हजार-दीड हजाराला मिळणाऱ्या 'इलेक्ट्रिक सुपरचार्जर'बद्दल बोलू. पाइपात बसवायचा प्लॅस्टिकचा पंखा, बारा व्होल्टवर चालणारा. चाळीस अश्वशक्ती म्हणजे तीस किलोवॅट. बारा व्होल्टवर त्याला अडीच हजार अँपिअर हवेत. तेवढा करंट पंख्याच्या त्या सुतळीएवढ्या वायरीतून गेला तर वायर राहणार नाही. विजेवर चालणारे खरे कॉम्प्रेसर आहेत. ऑडीने २०१६ मध्ये एसक्यू७ला सात किलोवॅटचा बसवला, पण त्यासाठी ४८ व्होल्टची वेगळी व्यवस्था करावी लागली. पेट्रोलच्या नळीला लावायची 'मायलेज वाढवणारी' चुंबकंही याच पंगतीतली. त्यापेक्षा बंपरला बांधलेलं लिंबू-मिरची बरं, ते निदान इंजिनाच्या वाटेला जात नाही.

आता गिअरबॉक्स. भाच्याच्या इंजिनाचा मूळ टॉर्क, म्हणजे दांडा पिळण्याचा जोर, ५५६ न्यूटन-मीटर. सुपरचार्जरनंतर, पट्ट्याचं देणं वजा जाता, तो पावणेआठशेच्या घरात जाईल. गिअरबॉक्सचं नाव १०आर८०. त्यातले ८० म्हणजे ८०० न्यूटन-मीटर. कागदावर बसतंय, आणि कागद हा शब्द इथे अगदी शब्दशः घ्या.

स्प्लेंडर किंवा बुलेटच्या क्लच प्लेटा बदलताना तुम्ही गॅरेजात उभे राहिला असाल. तेलात भिजलेल्या चकत्या, एक घर्षणाची, एक पोलादाची, पुन्हा घर्षणाची. ऑटोमॅटिकच्या पोटात असेच सहा गठ्ठे असतात. घर्षणाच्या चकतीवरचं अस्तर कागदाच्या जातीचं असतं, सेल्युलोज आणि अरामिड तंतूंचं, राळेत भिजवलेलं. अडीच टनांचा ट्रक या कागदावर ओढला जातो. दहापैकी कुठल्याही गिअरमध्ये सहापैकी चार गठ्ठे आवळलेले आणि दोन सुटे. कोणते चार, यावर गिअर ठरतो.

बुलेटमध्ये चकत्यांना स्प्रिंग दाबते. तिचा जोर ठरलेला, तिला इंजिनाशी देणंघेणं नाही. ऑटोमॅटिकमध्ये तेलाच्या दाबावर चालणारा पिस्टन दाबतो आणि तो दाब किती हे संगणक ठरवतो. कायम पूर्ण दाब का ठेवत नाहीत? कारण दाब तयार करायला पंपाला इंधन लागतं आणि गिअर बदलताना गाडी लाथ मारते. म्हणून संगणक नेमका पुरेल एवढाच दाब देतो, वर थोडी राखीव. पण किती पुरेल हे त्याला कसं कळतं? टॉर्क मोजणारं यंत्र गाडीत नसतं. आत येणारी हवा, ठिणगीची वेळ, फेरे यांवरून तो कारखान्यात भरलेल्या तक्त्यात बघून अंदाज बांधतो.

या अंदाजावर सगळा डोलारा. गठ्ठा किती टॉर्क धरेल? घर्षणांक गुणिले दाबाचा जोर गुणिले सरासरी त्रिज्या गुणिले घासणारे पृष्ठभाग. समजा घर्षणांक ०.१३, त्रिज्या सात सेंटिमीटर, पृष्ठभाग बारा. ५५६ न्यूटन-मीटर धरायला सुमारे ५१०० न्यूटन जोर लागतो, म्हणजे गठ्ठ्यावर पाच क्विंटलची पोती. राखीव वीस टक्के धरली तर गठ्ठा ६६७पर्यंत तग धरेल. आता तक्ता जुनाच ठेवून सुपरचार्जर बसवला. संगणक ५५६ समजतोय आणि येतात ७७०. चकत्या घसरतात. मिनिटाला ५०० फेऱ्यांचा फरक पडला तरी ३५ किलोवॅट उष्णता त्या डब्यात तयार होते, म्हणजे दोन किलोवॅटचे सतरा गीझर एकदम. कागद काळा पडतो, तेलाला करपट वास येतो. घाटात क्लचवर पाय ठेवून चढणाऱ्या गाडीमागे येतो, तसाच.

म्हणून किटबरोबर संगणकाचे तक्तेही बदलावे लागतात, ज्याला तिकडे 'ट्यून' म्हणतात. आणि इथेच एक चोरवाट आहे. गिअर बदलताना संगणक क्षणभर ठिणगी उशिरा टाकून टॉर्क कमी करतो, चकत्यांना श्वास घेता यावा म्हणून. हौशी मंडळींना वाटतं कंपनीने आपली ताकद चोरली. मग काही ट्यूनर संगणकाला टॉर्क कमीच आहे असं खोटं सांगतात. गाडी एकदम तरतरीत वाटते. पण त्याच खोट्या आकड्यावरून तेलाचा दाबही कमी होतो! माझ्या मते दणकट इंजिनाच्या गाड्यांचे गिअरबॉक्स मरतात ते टॉर्कपेक्षा या खोटेपणाने.

कारखान्यातून सुपरचार्जर लावून निघालेला पिकअप पाहायचा तर १९९९ ते २००४ मधला एफ-१५० लाइटनिंग पाहावा. तेच ५.४ लिटरचं इंजिन, साध्या ट्रकात २६० अश्वशक्ती देणारं, इथे सुरुवातीला ३६० द्यायचं. आणि गिअरबॉक्स? फोर्डने सुपर ड्यूटी या जड ट्रकांतला ४आर१०० बसवला.

भाच्याला मी एकच काम दिलंय. या गिअरबॉक्सचा सातवा गिअर एकास एक आहे, म्हणजे आत येणारा आणि बाहेर जाणारा दांडा सारखेच फिरले पाहिजेत. दोन्हींचे आकडे गाडीच्या पोर्टमधून लॅपटॉपवर उतरवता येतात. सातव्यात पूर्ण पाय दाबायचा आणि दोन रेषा एकावर एक आहेत का बघायच्या. किट अजून वाटेत आहे, म्हणून आधी मूळ गाडीचा आलेख काढायला सांगितला. काल आला. एकच रेषा दिसते. ताईलाही पाठवला. तिने विचारलं, "चार्जिंग इतकं सरळ होतं का रे?"