सोनेरी नोट्स आणि ५१२ बाइट

आपल्याकडे बँजो म्हटलं की गणपतीच्या मिरवणुकीतली बँजो पार्टी आठवते. जून १९९८ मध्ये अमेरिकेत निन्टेन्डो ६४ या मशीनवर आलेल्या ‘बँजो-काझूई’ या व्हिडिओ गेममधला बँजो मात्र अस्वल आहे. पाठीवर निळी बॅग आणि बॅगेत काझूई नावाची लाल, फटकळ पक्षीण. हा वाजवतो तो अमेरिकन पद्धतीचा गोल बँजो, आणि ती काझू, म्हणजे तोंडात धरून गुणगुणायची पिपाणी. गेम सुरू झाल्या झाल्या दोघं वादनालाच बसतात. नावापासून सगळा मामला संगीताचा, त्यामुळे या दुनियेत जागोजागी पसरलेली, उचलायची वस्तूही स्वरचिन्हच असावी यात नवल नाही. पाश्चात्त्य स्वरलिपीतलं सोनेरी चिन्ह. खेळणारे त्याला ‘नोट’ म्हणतात, तर आपणही नोटच म्हणू.

एकूण ९ जगं, प्रत्येकात १०० नोट्स, म्हणजे ९००. चेटकीण ग्रंटिल्डाच्या वाड्यात ठिकठिकाणी आकडे लिहिलेली दारं आहेत. पहिलं ५० नोट्सना उघडतं. तिच्याशी शेवटची लढत द्यायची तर ८१० लागतात, म्हणजे ९० टक्के. पळवून नेलेली धाकटी बहीण टूटी सोडवायला निघालेल्या अस्वलाला इतका हिशोब कशाला, हे विचारायचं नाही.

उचलायच्या वस्तूचा आणि आवाजाचा संबंध त्याआधीचा. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मधलं नाणं म्हणजे संगीतकार कोजी कोंडो यांचे दोन स्वर, पाश्चात्त्य पद्धतीतला बी आणि त्याच्या वरचा ई. ज्यांच्या घरी टीव्हीला जोडायचा नकली व्हिडिओ गेम होता आणि कार्ट्रिजला ‘कॅसेट’ म्हणायची पद्धत होती, त्यांना हे दोन स्वर झोपेतही ओळखता येतील. १९९१ च्या ‘सॉनिक’मध्ये उचलायच्या सोनेरी रिंगांचा आवाज एकदा डाव्या आणि एकदा उजव्या स्पीकरमधून येई. पण बँजोच्या नोट्सचा खरा पूर्वज १९९६ चा ‘सुपर मारिओ ६४’. तिथं एका फेरीत १०० नाणी जमवली की तारा मिळायचा. एकाच फेरीत, हे महत्त्वाचं. बाहेर पडलात किंवा मेलात की नाणी शून्यावर, फक्त तुमचा सर्वोत्तम आकडा नोंदलेला राहायचा.

इंग्लंडमधल्या लेस्टरशायरच्या ट्वायक्रॉस गावातल्या ‘रेअर’ कंपनीने बँजो बनवला. मुळात तो ‘ड्रीम’ नावाने सुपर निन्टेन्डो या आधीच्या मशीनसाठी सुरू झालेला खेळ होता आणि त्याचा नायक एडसन नावाचा मुलगा होता. मशीन बदललं, मुलगा गेला, अस्वल आलं. संगीत ग्रँट कर्कहोप यांचं. वाड्याची एकच धून वेगवेगळ्या जगांच्या दारांपाशी वाद्यं बदलून वाजते, चाल तीच. त्या काळच्या गेमसाठी ही फार नाजूक कारागिरी होती.

नोट्सचा नियम मात्र नाजूक नव्हता. मेलात की त्या जगातल्या सगळ्या नोट्स परत जागच्या जागी. जग सोडून बाहेर आलात तरी तेच. समजा मागच्या खेपेला ९३ जमल्या होत्या. आता पुन्हा आत गेलात तर मोजणी शून्यापासून, आणि ९३ च्या पुढे जाईपर्यंत दारांच्या हिशोबात एका नोटेचीही भर नाही. या खेळात गोळा करायची दुसरी वस्तू म्हणजे जिगसॉचे, जुळवायच्या चित्रकोड्याचे, तुकडे; ते एकदा मिळाले की कायमचे तुमचे. नोट्स तशा नव्हत्या.

या नियमाने किती घाम काढला ते कळायला आठवं जग बघावं, रस्टी बकेट बे. गंजकं बंदर, मधोमध एक मोठं जहाज, भोवती तेलकट पाणी. पाणी इतकं घाण की पृष्ठभागावर पोहतानाही श्वास संपत जातो, बुडी मारली तर आणखी भरभर. जहाजात इंजिनाची खोली: फिरते दांडे, फिरते पंखे, त्यांच्यामधून जेमतेम पाऊल मावेल अशी वाट, आणि खाली पोकळी. तोल गेला की संपलं. सत्तर-ऐंशी नोट्स खिशात घेऊन इथं शिरणारा माणूस कॅमेऱ्याचं बटण दाबतानाही श्वास रोखून धरतो. शहाणे लोक आधी इंजिनाची खोली उरकतात आणि मग बंदर फिरतात.

पण असा नियम का? त्याचा अर्धा अर्थ कार्ट्रिजच्या पोटात सापडतो. बँजोचं कार्ट्रिज १६ मेगाबाइटचं, पण खेळ जतन करायला त्यात जी चिप आहे ती ४ किलोबिटची, म्हणजे अवघे ५१२ बाइट. त्यात तीन खेळाडूंच्या तीन फाइली. आता हिशोब करा. कोणती नोट उचलली आणि कोणती नाही हे लक्षात ठेवायला दर नोटेमागे एक बिट, म्हणजे हो किंवा नाही एवढीच नोंद. ९०० नोट्सचे ९०० बिट, आणि आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे ११३ बाइट. तीन फाइलींचे ३३८ च्या आसपास. चिपचा दोनतृतीयांश भाग निव्वळ नोट्स खाणार, आणि जिगसॉ, शिकलेल्या कसरती, उघडलेली दारं यांना उरलेला कोपरा. त्याऐवजी प्रत्येक जगाचा फक्त सर्वोत्तम आकडा ठेवला तर? १०० पर्यंतचा आकडा ७ बिटांत मावतो. ९ जगांचे ६३ बिट. आठ बाइटांत काम झालं.

हा हिशोब माझा, पण तो कळला की नियमाकडे बघायची नजर बदलते. जागेच्या तंगीत सापडलेल्या त्या नोट्सना आपसूकच मैफलीचं वळण लागलं. गाणं अर्धं आज आणि अर्धं उद्या असं होत नाही, एका बैठकीत गायचं, आणि मध्ये तुटलं तर परत पहिल्यापासून. शंभरावी नोट उचलली की एक वेगळी छोटी धून वाजते, ती समेवर आल्यासारखी वाटते. मला हा नियम आवडायचा. माझ्याबरोबर खेळणाऱ्यांना नाही, हेही सांगून टाकतो.

२००० मध्ये ‘बँजो-टूई’ आला. नोट्स पुन्हा ९००, पण आता सुट्या नाहीत. पाच-पाच नोट्सची १६ घरटी आणि २० नोट्सची एक मोठी ट्रेबल क्लेफ (स्वरलिपीच्या ओळीच्या सुरुवातीला असतं ते वेटोळं चिन्ह), झाले १००. म्हणजे प्रत्येक ठिकाणी लक्षात ठेवायच्या वस्तू १७ च. नऊ ठिकाणांचे मिळून १५३ बिट, वीसेक बाइट. त्यात कार्ट्रिजमधली चिपही चौपट मोठी झाली होती. साहजिकच नोट्स एकदा उचलल्या की कायमच्या. त्या साठवायच्या आणि तेवढ्या भरल्या की जॅमजार्स नावाच्या लष्करी चिचुंदराकडून नव्या कसरती शिकायच्या. सोय झाली, पण नोट उचलताना छातीत होणारी धडधड गेली.

मधल्या काळात याच कंपनीने ‘डाँकी काँग ६४’ (१९९९) काढून गोळा करण्याचा अतिरेक केला. पाच माकडं, प्रत्येकाच्या रंगाची केळी वेगळी, आणि इतर वस्तू धरून एकूण ३,८२१. प्लॅटफॉर्म गेममधल्या, म्हणजे उड्या मारत पुढे जायच्या खेळांतल्या, वस्तूंच्या संख्येचा गिनीज विक्रम त्याच्या नावावर आहे. तिथंही प्रत्येक माकडाला एकेक वाद्य मिळतं, बोंगो, गिटार, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन आणि बिचाऱ्या धिप्पाड चंकीला ट्रँगल. वाद्याचा साठा संपला की हेडफोन उचलायचे. निन्टेन्डोच्या ‘वारिओ लँड ४’ (२००१) मध्ये पातळ्यांत लपलेल्या सीडी शोधून नंतर त्या वाजवून ऐकता येत, ही कल्पना मला जास्त गोड वाटते.

गंमत म्हणजे बँजोच्या १०० नोट्सपैकी प्रत्येकीचा आवाज एकच. स्वर म्हणायचं, पण ओळीने उचलून चाल तयार होत नाही. ते काम ‘सुपर मारिओ गॅलेक्सी’ने (२००७) केलं. तिथं एक स्वर उचलला की पुढचे उमटत जातात, ते न चुकता गोळा केले तर जुन्या मारिओची ओळखीची धून पुरी होते. ‘सुपर मारिओ ओडिसी’त (२०१७) ट्रेबल क्लेफला हात लावल्यावर थोड्या वेळापुरते स्वर दिसतात आणि सगळे टिपले तर बक्षीस.

रेअर २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेली होती. २००८ च्या अखेरीला मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० मशीनवर दोन गोष्टी पाठोपाठ आल्या. बँजोच्याच ‘नट्स अँड बोल्ट्स’ या नव्या खेळात नोट्स सरळ चलन झाल्या, त्या देऊन सामान विकत घ्यायचं. मराठीत ‘नोट’ला जो दुसरा अर्थ आहे, तिथवर त्या अखेर पोचल्या. आणि पहिल्या बँजोची नवी आवृत्ती आली, तिच्यात उचललेली नोट उचललेलीच राहू लागली. मेलात तरी आकडा जागचा हलत नाही. इंजिनाच्या खोलीत लोक बिनधास्त उड्या मारू लागले.

जानेवारी २०२२ मध्ये निन्टेन्डोच्या स्विच मशीनच्या ऑनलाइन सेवेत मूळ बँजो परतला, आणि त्याच्याबरोबर तो जुना नियमही. मात्र तिथं हवा तो क्षण गोठवून ठेवायची सोय आहे. नोट्स घेऊन इंजिनाच्या खोलीच्या दाराशी थांबायचं, क्षण जपून ठेवायचा, आत पडलो तर पुन्हा दाराशी.