महाभियोग म्हणजे हकालपट्टी नव्हे

म्हापशाच्या बाजारात राजकारण निघालं की कुणीतरी म्हणतंच, ‘महाभियोग लागला, म्हणजे खुर्ची गेलीच!’ तसं नसतं. महाभियोग म्हणजे आरोप ठेवणं, निकाल नंतर. अमेरिकेत १९९८मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्यावर तो आला, सिनेटने, म्हणजे तिथल्या वरिष्ठ सभागृहाने, सोडलं आणि त्यांनी मुदत पुरी केली.

आपल्या घटनेत हा शब्द फक्त राष्ट्रपतींसाठी आहे, कलम ६१मध्ये. एक सभागृह दोन तृतीयांश बहुमताने आरोप ठेवतं, दुसरं चौकशी करतं. तिथेही तितकीच मतं पडली तरच पद जातं. न्यायाधीशांना ‘पदावरून दूर’ करतात, वर्तमानपत्रं काहीही छापोत. राज्यपालांना राष्ट्रपती हटवू शकतात. आणि मुख्यमंत्री? पर्वरीत, म्हणजे गोवा विधानसभेत, ४०पैकी २१ आमदार विरोधात गेले की पुरे. गोव्यात आमदार फिरायला किती वेळ लागतो, ते वेगळं सांगायला नको.