12 व्होल्टच्या बॅटरीवर लॅपटॉप: मधे 230 कशाला आणायचे?

लॅपटॉपच्या अडॅप्टरवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते एकदा वाचून बघा. आउटपुट 19 व्होल्ट, 3.42 अँपिअर, असं काहीतरी असतं आणि शेजारी डीसीची, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटची खूण, वर सरळ रेघ नि खाली तुटक रेघ. म्हणजे लॅपटॉपला मुळात डीसीच लागतो. आणि गाडीची किंवा सोलरची बॅटरी जो करंट देते तोही डीसीच. तरी आपण काय करतो, तर बॅटरीला इन्व्हर्टर जोडतो, तो 12 व्होल्टचा 230 व्होल्ट एसी (घरातल्या विजेसारखा, सारखी दिशा बदलणारा) करतो, त्यात अडॅप्टर लावतो, अडॅप्टर त्या एसीचा आधी सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी करतो आणि मग तो खाली 19 वर आणतो. द्राविडी प्राणायाम म्हणतात तो हाच. इन्व्हर्टरने 85 टक्के पुढे दिले आणि अडॅप्टरने त्यातले 88 टक्के, तर हातात 75 उरतात, बाकीचे नुसते गरम होण्यात गेले.

सरळ रस्ता म्हणजे 12 चे थेट 19 करायचे. हे करणाऱ्या डबीला बूस्ट कन्व्हर्टर म्हणतात आणि चांगला असला तर 90 ते 95 टक्के पॉवर पुढे देतो. पण 12 व्होल्टमधून 19 येतात कुठून? मला हे समजलं ते पाण्यावरून. लांब पाईपातून पाणी जोरात वाहत असताना नळ फटकन बंद केला की पाईपात धाडकन आवाज येतो, कारण वाहत्या पाण्याला एकदम थांबायचं नसतं, त्याचा दाब क्षणभर टाकीच्या दाबापेक्षा कितीतरी वर जातो. याच दणक्यावर पाणी उंच चढवणारा पंप, हायड्रॉलिक रॅम, फ्रान्सच्या जोसेफ माँगोल्फिएने 1796 मध्ये बनवला होता, विजेशिवाय चालणारा. बूस्ट कन्व्हर्टरमध्ये पाईपाच्या जागी कॉइल असते आणि नळाच्या जागी मॉस्फेट, म्हणजे भराभर चालू-बंद होणारा इलेक्ट्रॉनिक स्विच. मॉस्फेट चालू झाला की कॉइलमधून करंट वाढत जातो, बंद झाला की तो करंट थांबायला तयार नसतो, कॉइल स्वतःचा व्होल्टेज बॅटरीच्या व्होल्टेजवर चढवते आणि डायोडमधून पुढच्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज क्षणभर साठवणाऱ्या टाकीत ढकलते. डायोड इथे एकाच बाजूला उघडणाऱ्या व्हॉल्व्हचं काम करतो. हे सेकंदाला लाखभर वेळा किंवा त्याहून जास्त वेळा चालतं. 12 चे 19 करायला मॉस्फेट साधारण 37 टक्के वेळ चालू ठेवावा लागतो, बॅटरी उतरली की कंट्रोलर हा वेळ आपोआप वाढवतो.

एवढं कळल्यावर मी कन्व्हर्टर आणला, जोडला, आणि लॅपटॉप दर दोन सेकंदांनी चार्जिंग चालू, बंद, चालू, बंद करायला लागला. कन्व्हर्टरच खराब निघाला असं वाटलं. मग मल्टीमीटर लावला. बॅटरीच्या टर्मिनलवर 12.3 व्होल्ट, कन्व्हर्टरच्या तोंडाशी 10.9. दीड व्होल्टच्या आसपास वायरमध्येच गायब! माझी वायर होती अर्धा स्क्वेअर एमएमची, 3 मीटर लांब, म्हणजे जाऊन-येऊन 6 मीटर. घरच्या 230 वर 65 वॅटला पाव अँपिअरच्या थोडं वर लागतं, तिथे अशी वायर मजेत चालते, पण 12 वर तेवढ्याच पॉवरला साडेसहा अँपिअर लागत होते आणि एवढ्या वायरचा 0.2 ओहम रेझिस्टन्स त्यावर सव्वा व्होल्टच्या वर खातो. त्यात आणखी एक गंमत अशी की कन्व्हर्टरला इनपुट कमी मिळालं की तो पॉवर कमी करत नाही, उलट जास्त करंट ओढतो, त्याने वायरमध्ये अजून व्होल्टेज पडतं, मग तो अजून ओढतो. शेवटी 11 च्या खाली गेलं की त्याचं प्रोटेक्शन त्याला बंद करतं, लोड गेला की व्होल्टेज वर येतं आणि परत पहिल्यापासून सुरू.

उपाय दोन, आणि दोन्ही केले. बॅटरीकडची वायर जाड घेतली आणि कन्व्हर्टर उचलून बॅटरीच्या शेजारी ठेवला. लांब वायर लागणारच असेल तर ती 19 च्या बाजूला असू दे, तिथे करंट 3.4 अँपिअरच असतो आणि वायरमधलं नुकसान करंटच्या वर्गाने बदलतं, म्हणजे त्याच वायरमध्ये तिसऱ्या हिश्श्याएवढंच.

फ्यूज मात्र विसरू नका, अगदी कळकळीने सांगतो. लेड-ॲसिड बॅटरी शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर सोडते, वायर लाल होऊन पेट घ्यायला वेळ लागत नाही. 65 वॅटसाठी 10 अँपिअरचा फ्यूज, आणि तो बॅटरीच्या प्लसला अगदी लागून. लॅपटॉपच्या टोकाला लावला तर मधली सगळी वायर संरक्षणाशिवायच राहिली. लॅपटॉपला जोडायच्या आधी आउटपुट आणि पोलॅरिटीसुद्धा (प्लस-मायनस बरोबर आहे का ते) मीटरने बघून घ्या.

काही लॅपटॉपच्या पिनमध्ये मधे एक बारीक तिसरी पिन असते, तिच्यावरून लॅपटॉप अडॅप्टरची ओळख विचारतो. उत्तर आलं नाही तर लॅपटॉप चालतो पण बॅटरी चार्ज करत नाही, तेव्हा कन्व्हर्टरला दोष देऊ नका. टाइप-सी वाल्यांना हे सोपं झालंय, चार्जर आणि लॅपटॉप आपसात बोलून 5, 9, 15 किंवा 20 व्होल्ट ठरवतात, 12 व्होल्टवर चालणारा पीडी (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे असं बोलून व्होल्टेज ठरवणारा) चार्जर घेतला की झालं, फक्त त्यावरचे वॅट बघा.

आता किती तास चालेल? 100 अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी धरा, कागदावर 1200 वॅट-अवर, पण ती टिकवायची तर निम्मीच वापरायची, म्हणजे 600. लॅपटॉप साध्या कामाला 30 वॅट घेतो, कन्व्हर्टर धरून 33. म्हणजे 18 तास. तेच इन्व्हर्टरमधून केलं तर 40 वॅट, वर इन्व्हर्टर नुसता चालू राहायला 8-10 वॅट खातो, म्हणजे 12 तासांच्या आसपास. आणि छोट्या 7 अँपिअर-अवरच्या बॅटरीवर हा हिशेब लावू नका, तिच्यावरचा आकडा 20 तासांत हळूहळू उतरवल्याचा असतो, म्हणजे 0.35 अँपिअरचा. तिच्यातून 6 अँपिअर ओढले तर ती अर्ध्या-पाऊण तासातच मान टाकते.