परिचर्येतील सहभागी निर्णयपद्धती

रुग्णालयातील परिचारिकांनी आपल्या कामाविषयीचे निर्णय स्वतः किंवा व्यवस्थापनाच्या बरोबरीने घेण्याची पद्धत. ड्युटीचा तक्ता कसा लावायचा, पाळी बदलताना रुग्णाची माहिती पुढच्या सिस्टरला कशी द्यायची, तोल जाऊन पडण्याची भीती असलेल्या रुग्णाची काय काळजी घ्यायची, ड्रेसिंगचे सामान कोणते मागवायचे, असे प्रश्न तिच्या कक्षेत येतात. रुग्णाच्या उशाशी रात्रंदिवस परिचारिकाच असते. तरीही हे प्रश्न वर्षानुवर्षे वरिष्ठांच्या टेबलावरच सुटत आले.

या पद्धतीची बांधीव मांडणी अमेरिकेत झाली. 1980 च्या सुमारास तिथे परिचारिकांचा मोठा तुटवडा होता. मात्र काही रुग्णालयांतल्या परिचारिका नोकरी सोडत नव्हत्या. असे का, हे शोधण्यासाठी अमेरिकन अकॅडमी ऑफ नर्सिंगने 163 रुग्णालये पाहिली. त्यांतल्या 41 रुग्णालयांना 1983 च्या अहवालात ‘मॅग्नेट’, म्हणजे लोहचुंबक, हे नाव मिळाले. परिचर्याप्रमुखाला वरच्या पातळीवर स्थान आणि वॉर्डपातळीवर निर्णयाची मोकळीक ही त्यांची ठळक लक्षणे होती. पुढच्याच वर्षी टिम पोर्टर-ओग्रेडी आणि शॅरन फिनिगन या परिचर्या-अभ्यासकांनी सहभागी प्रशासनाची, म्हणजे याच पद्धतीची, कल्पना पुस्तकरूपाने मांडली. मॅग्नेटचे रीतसर मानांकन 1994 मध्ये प्रथम सिअ‍ॅटलमधील युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन मेडिकल सेंटरला मिळाले.

प्रत्यक्षात प्रत्येक वॉर्डची एक समिती असते. तिचे सदस्य रुग्णसेवेतले असतात आणि अध्यक्षपदीही बहुधा वॉर्डात काम करणारी परिचारिकाच असते. वॉर्डापुरता प्रश्न तिथेच निकाली निघतो, सगळ्या रुग्णालयाचा असेल तर मध्यवर्ती समितीकडे जातो. दोन गोष्टींवर सारे अवलंबून असते: बैठकीचा वेळ ड्युटीत धरला जातो का, आणि समितीने ठरवलेले अमलात येते का. बारा तासांची पाळी संपवून, घरी पोरे वाट पाहत असताना बैठकीला थांबायला लावणे हा सहभाग नव्हे, ते वाढीव काम आहे. समितीचा ठराव ‘सूचना’ म्हणून फायलीत गेला, तर पुढच्या बैठकीला कोणी येत नाही. प्रत्यक्ष अधिकार कोणाकडे आहे हे मोजण्यासाठी परिचर्या-संशोधक रॉबर्ट हेस यांनी 1998 मध्ये 86 प्रश्नांची मापनपट्टी प्रसिद्ध केली.

समिती म्हणजे कामगार संघटना नव्हे. पगार आणि सेवाशर्ती हे संघटनेचे क्षेत्र. अमेरिकेच्या 1935 च्या श्रमसंबंध कायद्यानुसार मालकाच्या वर्चस्वाखाली कामगार संघटना चालवता येत नाही. रुग्णालयाची समिती पगाराविषयी बोलू लागली तर ती तशी संघटना ठरू शकते, म्हणून तिथे ही सीमारेषा जपावी लागते. मनुष्यबळाचा प्रश्न मात्र दोन्हीकडे येतो, कारण तो थेट जिवाशी निगडित आहे. परिचर्या-संशोधक लिंडा एकेन व सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातील 168 रुग्णालयांचा अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध केला. एका परिचारिकेवर एक रुग्ण वाढला, की शस्त्रक्रियेच्या रुग्णांच्या 30 दिवसांतील मृत्यूची शक्यता सुमारे 7 टक्क्यांनी जास्त आढळली. त्यामुळे वॉर्डात माणसे किती हवीत हे ठरवताना परिचारिकेचे मत घेणे हा सौजन्याचा भाग मानता येत नाही.

महाराष्ट्राच्या शासकीय रुग्णालयांत अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका अशी उतरंड आहे. बोलण्यात स्टाफ सिस्टर, इन्चार्ज आणि मेट्रन. रजेचा अर्ज, औषधांची मागणी, तक्रार, सगळे याच वाटेने वर जाते. धोरणाविषयीचा आवाज प्रामुख्याने संघटनांमार्फत उमटतो. मे 2022 मध्ये बाह्य यंत्रणेमार्फत पदे भरण्याविरुद्ध राज्यातील शासकीय परिचारिकांनी संप केला, तो असाच. निर्णयाच्या टेबलावर परिचारिकेची खुर्ची ठरलेली दिसते ती संसर्ग नियंत्रण समितीत. संसर्ग नियंत्रण परिचारिका वॉर्डावॉर्डांत फिरून हात धुण्यापासून कॅथेटरच्या निगेपर्यंतच्या नोंदी घेते आणि त्या समितीपुढे स्वतः मांडते.