रोहूला जठर नसते

गोव्यात डिचोलीकडच्या एका तळ्यावर गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, येणाऱ्यांपैकी एक जण दर खेपेला नवी बाटली आणतो. कधी व्हॅनिला, कधी केवडा, एकदा तर चक्क अत्तर. पिठाच्या गोळ्यावर चार थेंब पाडायचे, गोळा आधी स्वतः हुंगायचा आणि मान डोलवायची. शेजारचे काका मात्र उकडलेले, जरासे आंबूस चणे गरीला लावतात. मासा लागल्याची खूण देणारे, दोरीवरचे तरंगते बूच बहुतेक वेळा काकांचेच बुडते.

गोळा हुंगून आपल्याला कळते ते हवेत उडणाऱ्या वासाबद्दल. माशापर्यंत पोचते ते पाण्यात विरघळणारे. तेल पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे खोबरेल जास्त झाले की गोळ्याची चव आतच कोंडते. शिवाय खोबरेल 24 अंशांच्या खाली थिजते. सत्तरीत पौषातल्या सकाळी बाटली पालथी केली तरी ते हलत नाही. उलट सुक्या सुंगटांची (कोळंबीची) पूड पाण्यात पडताच कामाला लागते. तिच्यातली सुटी अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे घटक, लगेच विरघळून पसरतात, आणि रोहूसारख्या कार्प कुळातल्या माशांना हीच चव ओळखीची.

ही चव घ्यायला त्यांची जीभ आपल्यासारखी नाही. सायप्रिनसच्या, म्हणजे कॉमन कार्पच्या, तोंडाजवळ मिशांच्या दोन जोड्या असतात. मिशा, ओठ, तोंडाचा आतला भाग, सगळीकडे रुचिकलिका. टाळूला एक जाड मांसल गादी असते. मासा चिखलासकट घास ओढतो, खाण्याजोगे त्या गादीखाली दाबून धरतो आणि गाळ थुंकून टाकतो. सुपात तांदूळ पाखडावेत तसे हे काम, फक्त अंधारात आणि तोंडातल्या तोंडात. संशय आला तर आमिषही थुंकले जाते. म्हणून इंग्लंडमधल्या लेनी मिडलटन आणि केविन मॅडॉक्स यांनी आमिष गळात न खुपसता गळाबाहेर केसासारख्या बारीक दोऱ्यावर बांधायची युक्ती काढली. आमिष मोकळे वाटते, मासा निर्धास्तपणे ओढून घेतो, पाठोपाठ गळ आत जातो.

आता मूळ मुद्दा. रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस यांपैकी कुणालाच जठर नसते. जबड्यात दात नाहीत, ते घशात. तिथे भरडलेले अन्न थेट आतड्यात जाते. साठवायला पिशवीच नसल्याने मासा थोडे थोडे, पण सारखे खातो. मूठभर आमिष अधूनमधून टाकणारा त्याला थांबवून ठेवतो. सगळी पिशवी एकदम ओतणारा त्याला जेवू घालून घरी पाठवतो.

जठर नाही म्हणजे आम्ल नाही, प्रथिने पचवणारे पेप्सिनही नाही. प्रथिने पचवायची मदार ट्रिप्सिनसारख्या आतड्यातल्या विकरांवर. कच्च्या कडधान्यांत नेमके ट्रिप्सिनला अडवणारे घटक असतात, आणि शिजवल्यावर ते बरेचसे निकामी होतात. शिवाय कोरडा दाणा पोटात जाऊन फुगतो तो त्रास वेगळाच. तेव्हा चणे किंवा मका रात्रभर नव्हे, चांगले 24 तास भिजवावा, बोटाने दाबला जाईल इतका उकडावा आणि त्याच पाण्यात दिवसभर ठेवावा. आपल्या हवेत तो एका दिवसात आंबतो. पोदेर (पाववाले) पूर्वी पाव फुगवायला सूर (माडी) घालत, त्याच जातीची ही करामत. ते पाणी फेकू नये. दाण्यांतली साखर आणि बरीच चव त्यात उतरलेली असते. भुईमुगाची पेंड, भाताचा कोंडा आणि थोडे नाचण्याचे पीठ त्याच पाण्यात मळावे. गोळा पाण्यात हळूहळू सुटला पाहिजे. दगडासारखा राहिला तर तो दगडच.

रोहू तसा आपल्या नद्यांचा नव्हे, गंगेकडचा. साचलेल्या पाण्यात तो अंडी घालत नाही. 10 जुलै 1957 रोजी कटकला हिरालाल चौधरी यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचे प्रजनन करून दाखवले. पुढे बीज हवे तिथे मिळू लागले आणि रोहू गावोगावच्या तळ्यांत गेला. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीत, मानशीच्या (बांधातल्या पाण्याच्या दाराच्या) तोंडाशी गरवणाऱ्याला मात्र यातले काही कामाचे नाही. तिथला चोणक हा मासा शिकारी, त्याला वळवळते सुंगट हवे.

तळ्यावर दबक्या आवाजात बोलायचा नियम अनेक जण पाळतात. हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावरून जवळजवळ सगळा परत फिरतो, त्यामुळे गप्पा माराव्यात. बांधावर धपधप चालू नये. तो हादरा जमिनीतून पाण्यात उतरतो, आणि कार्प कुळात वाताशय (पोटातली हवेची पिशवी) व कान यांना जोडणारी चिमुकल्या हाडांची साखळी असते. 1820 मध्ये वेबर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने तिचे वर्णन केले. या साखळीमुळे हे मासे भलतेच तिखट कानांचे.

बाटलीवाला पहाटे पाचला येऊन बसतो. हिरव्या पाण्याच्या तळ्यात शेवाळ रात्रभर प्राणवायू वापरते, त्यामुळे सूर्योदयाच्या सुमारास तो सर्वांत कमी उरतो. त्यात उन्हाळा. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसातच. धाप लागलेला मासा जेवत नाही. काका पोदेराचा भोंपू ऐकून, उंडे (गोल पाव) घेऊन, चहा पिऊन साडेसातला येतात. पिशवीतला एक उंडा स्वतःसाठी असतो.