उकाडा

उकाडा म्हणजे हवेतील बाष्पामुळे अंगावरचा घाम न वाळल्याने होणारी असह्य तगमग. कोकण किनाऱ्यावर मार्चपासून मृगाच्या सरींपर्यंत आणि पुन्हा ऑक्टोबरात हा शब्द सतत कानी पडतो.

शब्द ‘उकडणे’ या क्रियापदावरून आला. त्याचे मूळ संस्कृत ‘क्वथ्’ (उकळणे) या धातूकडे नेले जाते. औषधी ‘काढा’ त्याच कुळातला. कोकणात हे कूळ स्वयंपाकघरातही नांदते: मोदकांची उकड, पेजेचा उकडा तांदूळ. भात भिजवून मोठ्या टोपात उकडतात, खळ्यात वाळवतात आणि मग गिरणीवर नेतात. दाणा टरफलाच्या आतच वाफेने शिजतो. उकाड्यात माणसाची गत त्या दाण्यासारखीच होते. ऊन सावलीत गेले की सुटते, उकाडा मात्र माजघरात आणि मध्यरात्रीही सोडत नाही. ‘मला उकडतंय’ या वाक्याला कर्ताच नाही, तो का नाही हे मे महिन्यात वेगळे सांगावे लागत नाही. वारा पडून, मळभ दाटून जीव कासावीस झाला की ‘गदमदतंय’ म्हणतात.

दिवसा समुद्रावरून येणारे खारे वारे पारा साधारण 33 ते 35 अंशांवर रोखतात, पण सोबत बाष्प आणतात. पूर्वेच्या कोरड्या वाऱ्यांनी जोर धरला की खारे वारे लांबतात आणि पारा एकदम चढतो. शरीर थंड होते ते घाम वाळताना. हवा बाष्पाने भरलेली असली की घाम नुसता निथळतो. 34 अंश तापमानाला 70 टक्के आर्द्रतेची जोड मिळाली, तर शरीराला जाणवणारी उष्णता 45 अंशांच्या वर जाते. म्हणून विदर्भाच्या 44 अंशांपुढे कोकणाचे 34 सौम्य ठरवणे चूक आहे. भारतीय हवामान विभागही उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी भागात किमान 40, तर किनारपट्टीवर 37 अंश कमाल तापमान धरतो. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरच्या उघड्या मैदानावरील सोहळ्यात उष्माघाताने 14 जण दगावले. तेव्हा पारा चाळिशीच्या आतच होता.

घरोघरचा उतारा म्हणजे कोकमाचे सरबत, सोलकढी, माठातले वाळ्याचे पाणी आणि मीठ घातलेली पेज. त्यांनी पाणी आणि क्षार भरून निघतात, हवेतले बाष्प कमी होत नाही. चिऱ्यांच्या खाणीत, बंदरावर राबणाऱ्यांना भर दुपारी कामातून सुट्टी आणि सावली मिळणे म्हणूनच अधिक गरजेचे आहे.