इंडियन ओपन (गोल्फ)

भारताची राष्ट्रीय खुली व्यावसायिक गोल्फ स्पर्धा. १९६४ साली दिल्लीत सुरू झाली. इंडियन गोल्फ युनियन (स्थापना १९५५) ही तिची पालक संस्था. पुरस्कर्ता म्हणून हिरो उद्योगसमूहाचे नाव गेली कित्येक वर्षे जोडलेले असल्यामुळे वर्तमानपत्रांत ती ‘हिरो इंडियन ओपन’ म्हणून येते. कोविडनंतर २०२३ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, तेव्हापासून युरोपची डीपी वर्ल्ड टूर (‘टूर’ म्हणजे व्यावसायिकांची वर्षभराची स्पर्धामालिका) आणि भारताची प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया (पीजीटीआय) अशा दोन्हींच्या कार्यक्रमात तिला जागा आहे. गुरुग्रामच्या डीएलएफ गोल्फ अँड कंट्री क्लबवर ती भरते. २०२४ आणि २०२५ मध्ये ती मार्चअखेर झाली.

नावातला ‘ओपन’ हा शब्द सोलापुरात वेगळा समजावून सांगावा लागू नये. गावच्या यात्रेतली खुली कुस्ती इथे सगळ्यांनी पाहिलेली असते. ज्याच्या अंगात रग आहे त्याने लांग चढवावी आणि हौद्यात उतरावे, पुढचे मातीच ठरवते. गोल्फमधल्या ओपनचा अर्थ त्याच जातीचा आहे. खेळावर पोट असलेले व्यावसायिक आणि पैसा न घेता खेळणारे हौशी असे दोघेही तिथे एकाच मैदानात, एकाच गुणफलकावर उतरतात. फरक एवढाच, की हौशी खेळाडू कितीही वर आला तरी त्याला बक्षिसाची रक्कम घेता येत नाही. ती त्याच्या मागच्या व्यावसायिकाकडे जाते. अर्थात वाटेल त्याने येऊन खेळावे असे नसते. टूरच्या क्रमवारीतून किंवा आयोजकांच्या निमंत्रणातून जागा मिळवावी लागते. पण ती मिळवताना जन्म, घराणे, क्लबचे सभासदत्व यांतले काही विचारले जात नाही, आणि या स्पर्धेच्या इतिहासात ही गोष्ट फार महत्त्वाची ठरली.

स्वरूप : स्पर्धा चार दिवसांची, गुरुवार ते रविवार. रोज १८ होल, म्हणजे एकूण ७२. चेंडू ‘टी’वरून, म्हणजे सुरुवातीच्या जागेवरून, मारायचा, ‘फेअरवे’च्या कापलेल्या गवतावरून पुढे न्यायचा आणि ‘ग्रीन’ या बारीक कापलेल्या हिरवळीच्या तुकड्यावरच्या १०८ मिलिमीटर व्यासाच्या भोकात घालायचा, त्याला जितके फटके लागले तितके त्या होलचे गुण. ज्याचे एकूण फटके सर्वांत कमी, तो विजेता. क्रिकेटपटू पॉली उम्रीगर यांचे जन्मगाव असलेल्या सोलापुरात खेळ म्हटले की आधी धावा आठवतात, त्यामुळे पहिल्यांदा गुणफलक पाहणारा इथेच बुचकळ्यात पडतो : उणे आकडा वर आणि अधिक आकडा खाली! प्रत्येक होलला किती फटके पुरेसे आहेत हे ठरलेले असते, त्याला ‘पार’ म्हणतात. एक फटका कमी लागला तर ‘बर्डी’, दोन कमी लागले तर ‘ईगल’, एक जास्त लागला तर ‘बोगी’. डीएलएफच्या मैदानाचा पार ७२ आहे, म्हणून चार दिवसांचा हिशेब २८८ वर बसतो. ‘उणे चार’ याचा अर्थ २८४ फटके.

दोन दिवस, म्हणजे ३६ होल झाले की ‘कट’ लागतो. पहिले ६५ आणि पासष्टाव्याच्या बरोबरीत असलेले सगळे पुढे जातात, बाकीच्यांची स्पर्धा शुक्रवारी संध्याकाळीच संपते. टीव्हीवर रविवारच्या झळकत्या चषकापुढे हा शुक्रवार कुणाच्या लक्षात येत नाही, पण व्यावसायिक गोल्फचे खरे स्वरूप शुक्रवारीच कळते. कट हुकलेल्याला बक्षिसातला एक पैसा मिळत नाही, मात्र प्रवास, राहणे आणि कॅडीची, म्हणजे पिशवी घेऊन सोबत चालणाऱ्या मदतनिसाची, मजुरी हा खर्च त्याच्या डोक्यावर राहतोच. शेवटच्या होलवर पाच फुटांचा ‘पट’ (ग्रीनवरून भोकाकडे मारायचा हलका फटका) चुकला म्हणून आठवड्याची कमाई बुडालेले खेळाडू दर स्पर्धेत असतात.

गुण मोजण्याची रीत तर आवर्जून पाहण्यासारखी आहे. फटके मोजायला प्रत्येकामागे पंच नसतो. एका गटात खेळणारे खेळाडू आपापली कार्डे बदलून घेतात आणि दुसऱ्याचे फटके लिहितात. फेरी संपल्यावर कार्ड मूळ खेळाडूच्या हाती येते. तो एकेक होल तपासतो आणि सही करतो. एखाद्या होलवर प्रत्यक्षापेक्षा कमी फटके लिहिलेले राहिले आणि त्यावर सही झाली, तर तो बाद होतो. चूक नजरचुकीची असली तरी शिक्षा सहसा टळत नाही. उलट आकडा जास्त लिहिला गेला, तर तो जास्तीचाच धरला जातो. चार दिवसांच्या शेवटी बरोबरी झाली, की ‘प्लेऑफ’ : एकेक होल खेळत राहायचे, जो आधी सरस ठरेल तो विजेता. २००९, २०१५ आणि २०१८ या वर्षांचे विजेते असेच ठरले.

इतिहास : रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ चा; ब्रिटनबाहेरचा हा सर्वांत जुना गोल्फ क्लब. म्हणजे खेळ इथे कधीचाच आला होता, पण व्यावसायिकांची राष्ट्रीय स्पर्धा उभी राहायला सव्वाशेहून अधिक वर्षे जावी लागली. त्यातही मोठा वाटा एका परदेशी माणसाचा आहे. ऑस्ट्रेलियाचे पीटर थॉमसन यांनी ब्रिटिश ओपन एकूण पाच वेळा जिंकली. आशियात गोल्फची स्पर्धामालिका उभी राहावी यासाठी ते झटले आणि दिल्लीच्या पहिल्या इंडियन ओपनचे विजेतेही तेच. पुढे १९६६ आणि १९७६ मध्ये त्यांनी ती पुन्हा जिंकली. दिल्ली गोल्फ क्लबच्या मैदानाची १९७० च्या दशकातली फेररचनाही त्यांच्याच हातची. आपल्याकडच्या खेळाचा इतका मनापासून विचार केलेल्या या माणसाचे नाव मराठी वाचकाला ठाऊक नसावे, याची खंत वाटते.

दुसऱ्याच वर्षी, १९६५ मध्ये, कोलकात्यात प्रेम गोपाल ऊर्फ बिल्लू सेठी यांनी ही स्पर्धा जिंकली. ते हौशी खेळाडू होते. जगभरचे व्यावसायिक मागे टाकून इंडियन ओपन जिंकणारा हौशी खेळाडू त्यांच्यानंतर झाला नाही. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाले, त्या पहिल्याच यादीत गोल्फसाठी त्यांचे नाव आहे. सेठींच्या विजयानंतर मात्र पंचवीस वर्षे चषक परदेशीच जात राहिला. जपानचे केंजी होसोइशी, ऑस्ट्रेलियाचे ग्रॅहॅम मार्श आणि ब्रायन जोन्स यांनी प्रत्येकी दोनदा तो नेला. १९८१ चा विजेता पेन स्टुअर्ट पुढे अमेरिकन ओपन दोनदा जिंकून जगभर गाजला.

मग १९९१ उजाडले. दिल्ली गोल्फ क्लबवर अली शेर जिंकला आणि ही स्पर्धा जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक ठरला. याच मैदानावर तो कॅडी म्हणून काम करत मोठा झाला होता. १९९३ मध्ये त्याने ती पुन्हा जिंकली.

कॅडी म्हणजे खेळाडूची पिशवी वाहणारा, हा समज अपुरा आहे. चौदा काठ्यांची पिशवी खांद्यावर असतेच. शिवाय अंतर सांगणे, वारा ओळखणे, ग्रीनचा उतार वाचणे ही कामेही त्याचीच. त्याच्या खांद्यावरचा टॉवेल पाहावा. सकाळी तो अर्धा भिजवून पिळलेला असतो, अर्धा कोरडा. फटका मारून झाला की ओल्या भागाने काठीच्या पात्यावरच्या खाचांतली माती काढायची आणि कोरड्या भागाने पुसून ती पिशवीत घालायची. ग्रीनवर खेळाडू चेंडूमागे नाणे ठेवून चेंडू उचलतो, कॅडीकडे टाकतो. तो दोन बोटांत फिरवत पुसून परत देतो. खाचेत मातीचा कण राहिला तर चेंडूची फिरकी बदलते. हा टॉवेल टर्की असलेला बरा, कारण त्याच्या उभ्या धाग्यांच्या फासांत माती अडकते. साध्या सुती कापडाने ती नुसती पसरते. चादरीबरोबर टर्की टॉवेलसाठीही भौगोलिक मानांकन मिळवलेल्या सोलापूरला या कापडाचे गुण कुणी शिकवायला नकोत.

आणि यंत्रमागाच्या गावाला दुसरीही एक गोष्ट सांगावी लागत नाही : घरातले मूल मागावर उभे राहण्याआधी कांड्या भरता भरता सगळा धंदा डोळ्यांनी शिकून घेते. कॅडींच्या वस्तीतल्या मुलांचे तसेच झाले. त्यांना प्रशिक्षक नव्हते. दिवसभर साहेबांचे फटके पाहायचे आणि मैदान मोकळे झाले की तुटक्या काठीने तेच करून पाहायचे, एवढीच त्यांची शाळा. २००९ चा विजेता बंगळुरूचा सी. मुनियप्पा हाही कॅडीच्या कामातूनच आला. २०१३ मध्ये दिल्लीत जिंकलेला बांगलादेशचा सिद्दिकुर रहमान ढाक्याच्या मैदानावर चेंडू गोळा करणारा मुलगा होता.

या सगळ्यांत शिव शंकर प्रसाद चौरसिया याची हकिकत मला सर्वांत हृद्य वाटते. त्याचे वडील रॉयल कलकत्ता क्लबवर गवताची निगा राखत. तिथेच तो स्वतःच्या स्वतः खेळ शिकला. लांब फटका त्याच्याकडे कधी नव्हता. पण ग्रीनच्या आसपासची हलकी उचल (‘चिप’) आणि पटिंग इतके पक्के, की सोबत्यांनी त्याचे नाव ‘चिपुट्सिया’ पाडले. इंडियन ओपनमध्ये तो पुन्हा पुन्हा दुसरा आला. २०१५ मध्ये दिल्ली गोल्फ क्लबवर शेवटच्या दिवशी अनिर्बान लाहिरीने सात फटक्यांची पिछाडी भरून काढली आणि प्लेऑफमध्ये चौरसियालाच हरवले. पुढच्या वर्षी त्याच मैदानावर चौरसिया दोन फटक्यांनी जिंकला. २०१७ मध्ये स्पर्धा गुरुग्रामला गेली. डीएलएफचे नवे मैदान दक्षिण आफ्रिकेच्या गॅरी प्लेअर यांनी आखलेले, लांबलचक आणि भल्याभल्यांना घाम फोडणारे. आखूड फटक्यांच्या माणसाचा तिथे निभाव लागणार नाही असेच कुणालाही वाटले असते. तो सात फटक्यांच्या फरकाने जिंकला. त्याच वर्षी त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला.

मधल्या काळात १९९८ ते २००० अशी सलग तीन वर्षे भारतीयच जिंकले : फिरोज अली, अर्जुन अटवाल आणि ज्योती रंधावा. २००२ मध्ये लखनौचा विजय कुमार जिंकला. रंधावाने २००६ व २००७ मध्ये पुन्हा जिंकून थॉमसन यांच्या तीन विजेतेपदांशी बरोबरी केली. अटवाल २०१० मध्ये अमेरिकेच्या पीजीए टूरवर जिंकणारा पहिला भारतीय ठरला.

मैदाने : दिल्लीचे जुने मैदान आणि गुरुग्रामचे नवे मैदान यांत खेळाचा स्वभावच बदलतो. दिल्लीत जुन्या घुमटांच्या सावलीतून, मोरांच्या ओरडण्यात खेळ चालतो. फेअरवे अरुंद आणि दोन्ही बाजूंना काटेरी झुडपे. चेंडू आत गेला की गेलाच. म्हणून तिथे शहाणा खेळाडू सर्वांत लांब मारणारी काठी, ड्रायव्हर, पिशवीतच ठेवतो. गुरुग्रामला सुमारे ७,४०० यार्ड, म्हणजे पावणेसात किलोमीटरचे अंतर कापायचे. वर खोल बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, आणि चढउतारांची ग्रीन. २०२४ मध्ये जपानचा केइता नाकाजिमा इथे उणे १७ वर जिंकला. वर्षभराने स्पेनचा यूजेनियो चाकारा जिंकला तो अवघ्या उणे चारवर, आणि दोन फटक्यांनी मागे राहिलेला दुसरा होता नाकाजिमाच!

चाकाराला त्या वर्षी प्रवेश निमंत्रणावरून मिळाला होता. एकूण बक्षीस २२.५ लाख डॉलर होते, त्यातले ३,८२,५०० डॉलर त्याच्या वाट्याला आले. एकूण रकमेच्या साधारण सहाव्या हिश्शाइतका वाटा विजेत्याचा, अशीच वाटणीची रीत आहे.

महिलांची इंडियन ओपन २००७ पासून वेगळी भरते. २०१६ मध्ये बंगळुरूची अदिती अशोक ती जिंकली. टोकियो ऑलिंपिकमध्ये ती चौथी आली. त्याच ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या स्पर्धेत पुण्याचा उदयन माने खेळला. सोलापूरहून गाडीने चार-पाच तासांवरच्या पुण्यात पूना क्लबच्या मैदानावर पीजीटीआयची व्यावसायिक स्पर्धा भरत आली आहे. त्या टूरच्या क्रमवारीत वर असलेल्या खेळाडूंना इंडियन ओपनमध्ये जागा मिळते.